भूकंपानंतर आधी अंगण बघा, भिंती नंतर: घराखालची जमीन कशी तपासायची

भूकंप म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यासमोर किल्लारी येते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि त्याखाली झोपलेली माणसं. त्यामुळे हादरा बसला की आपण काय करतो, तर भिंतीला तडा गेलाय का, कॉलम फुटलाय का, स्लॅब लोंबतोय का एवढं बघतो, नसेल तर हुश्श करून आत जातो. पण किल्लारीला वर काळी माती आणि खाली बसाल्टचा कातळ. तुमचं घर नदीच्या जुन्या पात्रावर, खाडीतल्या भरणीवर किंवा समुद्रकाठच्या वाळूवर असेल तर प्रकार उलटा होतो, म्हणजे भिंती शाबूत, रंगसुद्धा उडालेला नाही, आणि खालची जमीन मात्र कामातून गेलेली. याला लिक्विफॅक्शन म्हणतात आणि हे तपासायची रीत वेगळी आहे.

थोडक्यात काय होतं ते सांगतो. पुळणीवर ओल्या वाळूत एकाच जागी पाय आपटत राहिलं की पाणी वर येतं आणि पाय रुततो, तेच मोठ्या प्रमाणावर. सैल वाळू किंवा वाळूमिश्रित बारीक गाळ, त्यात गच्च भरलेलं पाणी आणि पुरेसा वेळ टिकलेला जोराचा हादरा, तिन्ही एकत्र आले की वाळूचे कण जवळ सरकायला बघतात, मधल्या पाण्याला पळायला वाट नसते, त्याचा दाब वाढतो आणि कण एकमेकांवर टेकणंच सोडून देतात. मग जमीन काही वेळ पातळ होते. वरचं जड ते रुततं, आतलं हलकं ते तरंगतं, आणि जिथे फट मिळेल तिथून वाळू-पाणी वर उसळतं.

याचं सगळ्यात नीट नोंदलं गेलेलं उदाहरण म्हणजे न्यूझीलंडचं ख्राइस्टचर्च, म्हणून मी इथे बहुतेक दाखले तिथलेच देणार आहे. ४ सप्टेंबर २०१० ला पहाटे ७.१ चा भूकंप, मग २२ फेब्रुवारी २०११ ला दुपारी १२:५१ ला ६.२ चा, आकडा लहान पण अगदी शहराच्या कुशीत, त्यात १८५ माणसं गेली, बहुतेक सिटीतल्या इमारती कोसळून. पूर्वेकडच्या बेक्सली, अ‍ॅव्हनसाइड, डॅलिंग्टन, अरानुई या वस्त्यांमधली हलकी लाकडी घरं मात्र बहुतेक उभीच राहिली, आणि अंगणात, रस्त्यावर, काही ठिकाणी घरातसुद्धा करडा गाळ. एकट्या फेब्रुवारीच्या भूकंपानंतर शहरातून लाखो टन गाळ उचलावा लागला. पुढे सरकारने नदीकाठची ही जमीन राहण्यालायक नाही म्हणून रेड झोन जाहीर केला आणि डोंगरउतारावरची धरून ८,००० च्या आसपास घरं-प्लॉट त्यात गेले. तिथे आता बऱ्याच ठिकाणी गवत आणि जुनी फळझाडं आहेत.

पहिले काही तास

गॅस बंद, मेन स्विच बंद, हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे की अंगणात पाणी साचलंय तिथे पाय टाकायचा नाही. त्या डबक्याखाली वाळू बाहेर पडून झालेली पोकळी असू शकते, ख्राइस्टचर्चला गाड्या नाकावर उभ्या राहिल्यासारख्या अशा खड्ड्यांत गेल्यात. हातात लांब काठी किंवा सळई घ्या, टोचून बघत पुढे जा. आणि तो गाळ स्वच्छ समुद्रवाळूसारखा दिसला तरी स्वच्छ समजू नका, कारण जमिनीखालच्या ड्रेनेज लाइनी त्याच वेळी फुटलेल्या असतात. गमबूट, हातमोजे, आणि दोन-तीन दिवसांनी तो वाळून उडायला लागला की मास्क. पोरांना त्यात खेळू देऊ नका, त्यांना ते किल्ले करायला आयतं मिळालेलं असतं. पिण्याचं पाणी उकळूनच.

घर डोळ्यांना दिसेल इतकं कललं असेल किंवा पाया आणि भिंत यांच्यात फट पडली असेल तर आत जाऊ नका, पुढची सगळी तपासणी बाहेरूनच करा. आफ्टरशॉक येतच राहतात.

फावडं उचलण्याआधी

इथे सगळे चुकतात. शेजारीपाजारी मदतीला धावतात, दोन दिवसांत अंगण साफ होतं (ख्राइस्टचर्चला तर स्टुडंट व्हॉलंटियर आर्मी नावाने कॉलेजची पोरं हजारोंनी फावडी घेऊन उतरली, आणि जबरदस्त काम केलं त्यांनी) पण तो गाळ हाच तुमचा पुरावा असतो, इंजिनियरसाठी पण आणि विम्यासाठी पण. पाऊस पडला, ट्रक फिरले, की वाळू कुठून आली, किती आली हे कुणालाच सांगता येत नाही. साफसफाई थांबवा म्हणत नाही मी, फक्त अर्धा तास द्या.

मोबाईलवर फोटो काढा, लांबून एक आणि जवळून एक, जवळच्या फोटोत पट्टी किंवा टेप ठेवा. वाळू सहसा छोट्या शंकूसारखी बसते, मधोमध भोक, नाहीतर एकाच रेषेत चार-पाच तोंडं असतात. ती रेषा महत्त्वाची, कारण खाली भेग तशी गेलेली असते. एका कागदावर घराचा साधा नकाशा काढा, उत्तर कुठे ते दाखवा, प्रत्येक तोंडाला नंबर द्या, गाळाची जाडी ठिकठिकाणी मोजून लिहा, भिंतीवर पाण्याची खूण उमटली असेल तर तिची उंची लिहा. तारीख-वेळ टाकायला विसरू नका, पुढे दुसरा धक्का बसला तर कुठली वाळू कधीची यावरूनच वाद होतात.

मग काचेच्या बरणीत मूठभर गाळ घ्या, पाणी भरा, झाकण लावून खळाखळा हलवा आणि खाली ठेवा. एखाद मिनिटात खाली बसली ती वाळू. तास-दोन तास घेऊन हळूहळू बसतो तो बारीक गाळ, आणि दुसऱ्या दिवशीसुद्धा पाणी गढूळच राहिलं तर चिकणमाती बऱ्यापैकी आहे. उसळून आलेला माल बहुतेक वेळा बारीक वाळू नाहीतर वाळू-गाळाचं मिश्रण निघतो. दुसरी एक बरणी न हलवता, लेबल लावून जपून ठेवा, लॅबला द्यायला.

पाण्याची लाइन फुटली की काय, ही शंका पण आधी फेडून घ्या. लाइन फुटली असेल तर पाणी येतच राहतं, एकाच जागेवरून, आणि त्यात वाळूचा शंकू सहसा नसतो. उसळलेलं पाणी हादऱ्यानंतर काही मिनिटं ते काही तास येऊन थांबतं. मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करून बघा, फरक पडला तर तुमच्याच पाइपचा प्रॉब्लेम.

भेगा वाचायच्या कशा

आता जमिनीवरच्या भेगा, आणि इथे थोडा वेळ घालवा, कारण सगळ्या भेगांचा अर्थ एक नसतो. मराठवाडा-विदर्भातल्या माणसाला भेगांचं काय कौतुक, दर उन्हाळ्यात काळी माती फाटतेच, तळहात आत जाईल इतकी. पण त्या भेगा जाळीसारख्या असतात, कुठलीच दिशा नसते आणि पाऊस पडला की मिटतात. लिक्विफॅक्शनच्या भेगा लांब, एकामागे एक, आणि बहुतेक वेळा नदी, नाला, कालवा, तळं यांच्या काठाला समांतर. कारण खालचा थर पातळ झाला की वरची घट्ट जमीन मोकळ्या बाजूकडे, म्हणजे पाण्याकडे, घसरत जाते. उतार अगदी नगण्य असला तरी घसरते. काठापासून शंभर मीटरवर घर आहे म्हणून निवांत बसू नका, ख्राइस्टचर्चमध्ये एव्हन नदीपासून तेवढ्या अंतरावरसुद्धा जमीन फाटलेली आहे.

मोजायचं असं. काठापासून घराच्या दिशेने, काठाला काटकोनात, एक दोरी ताणा. त्या दोरीखाली येणारी प्रत्येक भेग किती रुंद आहे आणि काठापासून किती अंतरावर आहे ते लिहा, मग सगळ्या रुंद्यांची बेरीज करा. ही बेरीज म्हणजे जमीन पाण्याकडे साधारण किती सरकली त्याचा अंदाज, इंजिनियर लोकसुद्धा असंच मोजतात. भेगेची एक कड खाली बसली असेल तर तो फरक पण लिहा. आणि भेग घराखालून जात असेल तर ही सगळ्यात वाईट बातमी, कारण घर नुसतं बसत नाहीये, ताणलं जातंय, पाया मधून फाटतो. असं दिसलं तर पुढचं मोजमाप घरमालकाने करत बसू नये, सरळ माणूस बोलवावा.

तिसरा प्रकार म्हणजे खुद्द फॉल्ट, म्हणजे ज्या खोल भेगेवर कातळ सरकून भूकंप होतो ती, जमिनीवर फुटणं. २०१० ला ख्राइस्टचर्चजवळच्या ग्रीनडेल फॉल्टवर सरळसोट रस्ते, कुंपणं बाजूला सरकली, काही ठिकाणी तर चार-पाच मीटर. हे कुंपणाच्या रांगेवर डोळा लावून बघितलं की लगेच कळतं, आणि याला नदी-नाल्याशी काही देणंघेणं नसतं. डोंगरउतारावरच्या भेगा म्हणजे दरड, तो विषयच वेगळा.

भेगांची नोंद झाली की वरून माती भरून घ्या, नाहीतर पावसाचं पाणी आत जाऊन आणखी घोळ करतं. एक-दोन भेगा मात्र मोकळ्या ठेवा, दोन्ही कडांना खुंट्या ठोका आणि दर आफ्टरशॉकनंतर खुंट्यांमधलं अंतर मोजा.

घर कललंय का

गोटी सोडून बघणं बंद करा, गोटी टाइल्सच्या सांध्यालाही वळते. गवंड्याकडे पारदर्शक लेव्हल ट्यूब असते ना, पाणी भरलेली, ती घ्या. आत बुडबुडा राहू देऊ नका, एकजण एका कोपऱ्यात, दुसरा फिरता. एक कोपरा ठरवून तिथे पाण्याच्या पातळीची पेन्सिलने खूण करा, मग प्रत्येक खोलीच्या चारही कोपऱ्यांत तीच पातळी घ्या आणि खुणेपासून फरशीपर्यंत टेपने मोजा. माप जिथे जास्त आलं तिथे फरशी तेवढी खाली गेलीये. बाथरूम, बाल्कनी, ओटा यात मोजू नका, तिथे उतार मुद्दाम दिलेला असतो.

आकडे किती आले की काळजी करायची? ख्राइस्टचर्चनंतर न्यूझीलंडच्या सरकारी गाइडलाइनमध्ये साधारण रेघ अशी ओढली की संपूर्ण फरशीत जास्तीत जास्त ५० मिलिमीटर फरक, आणि दोन मीटरपेक्षा जास्त अंतरावरच्या कुठल्याही दोन जागांमध्ये २०० ला १ पेक्षा कमी उतार, एवढं असेल तर पाया उचलायची गरज धरली नाही. त्यापुढे गेलं की लेव्हलिंग, आणि आणखी पुढे गेलं की पायाच नवा. ही रेघ तिथल्या घरांसाठी आहे, आपल्या आरसीसी बिल्डिंगला जशीच्या तशी लावू नका, पण अंदाज येतो.

कलण्यासाठी ओळंबा. बाहेरच्या कोपऱ्यावरून एक मीटर उंचीत ओळंबा १० मिलिमीटर हटला म्हणजे १०० ला १. जपानमध्ये २०११ च्या भूकंपात टोकियो उपसागरात भर घालून वसवलेल्या उरायासू शहराचा बहुतेक भाग असाच पातळ झाला, घरं न मोडता कलली, जुन्या नियमांत ती नुकसानीत बसेनात, म्हणून सरकारने निकष बदलले: २० ला १ किंवा जास्त कललं तर घर पूर्ण गेलं असं धरायचं, ६० ला १ ते २० ला १ मोठं नुकसान, १०० ला १ ते ६० ला १ अर्धं नुकसान. १०० ला १ ऐकायला काहीच वाटत नाही, पण अशा घरात राहणाऱ्यांना चक्कर, मळमळ, डोकेदुखी होते. घरात सगळ्यांना गरगरतंय आणि बाहेर गेलं की बरं वाटतंय, तर आधी ओळंबा लावा, डॉक्टर नंतर.

कोपरे सगळे एकसारखे आले म्हणून घर बसलं नाही असंही नाही बरं का, अख्खं घर सरळच्या सरळ खाली जाऊ शकतं. त्यासाठी जोत्याभोवती फिरा. पायरी आणि जोतं यांच्यातली उंची बदलली का, पाइप भिंतीतून जमिनीत शिरतो तिथे वाकलाय का, गेट अडकतंय का. मॅनहोल रस्त्याच्या वर आलं असेल तर एकतर चेंबर तरंगलंय नाहीतर भोवतालची जमीन बसलीये, दोन्हीचा अर्थ एकच. सेप्टिक टँक रिकामी असेल तर तीसुद्धा अशीच वर येते.

ड्रेनेज आणि विहीर

ड्रेनेज उतारावर चालतं, आणि जमीन वर-खाली झाली की उतारच गेला. म्हणून फ्लश करण्याआधी बाहेरचं चेंबर उघडून बघा, तळाला करडी वाळू दिसली तर लाइन फुटून आत माल शिरलाय. बादलीभर पाणी ओता, पुढच्या चेंबरला किती वेळात पोचतं बघा, पोचलंच नाही तर ते पाणी तुमच्या घराखाली जातंय. ख्राइस्टचर्चच्या कित्येक घरांना या एका कारणाने महिनोन्महिने रस्त्यावरची पोर्टेबल टॉयलेट वापरावी लागली.

विहीर किंवा बोअर असेल तर पातळी मोजा आणि तळ मोजा. १९३४ च्या बिहार भूकंपात सीतामढी, मधुबनी, मोतिहारीकडच्या पट्ट्यात विहिरी वाळूने भरून गेल्या होत्या आणि शेतं वाळूखाली गेली, घरं कलली, रुतली. २००१ ला कच्छमध्ये रणात आणि बन्नीच्या गवताळ सपाटीवर पाणी-वाळू उसळली, कांडला बंदरातली ऑफिसची उंच इमारत न पडता कलली. म्हणजे हे काही परदेशातलंच नाही.

जमिनीचा इतिहास काढा

नुकसान दिसलं नाही तरी हे करा. गुगल अर्थवर जुनी सॅटेलाइट चित्रं मागे-मागे नेऊन बघा, तलाठ्याकडचा गावनकाशा बघा, जुनी टोपोशीट (ओढे, तळी, उंचसखल दाखवणारा सरकारी नकाशा) मिळाली तर उत्तम. प्लॉट पूर्वी खाजण, ओढा, तळं, वीटभट्टीचा खड्डा होता का? भरणी कशाची, मुरमाची की खाडीतून उपसलेल्या रेतीची? रेतीची भर पाणी मारून, थर लावून, रोलर फिरवून घट्ट केलेली नसेल तर ती सैलच राहते. म्हातारी माणसं हे नकाशापेक्षा चांगलं सांगतात, बिल्डर सांगत नाही. ख्राइस्टचर्चचे पहिल्या वसाहतीच्या काळातले नकाशे आहेत, त्यात दलदल आणि ओढे दाखवलेत, आणि नुकसानीशी ते बऱ्याच ठिकाणी जुळतात.

इंजिनियरला काय विचारायचं

बघून सांगणारा नको, मोजणारा हवा, आणि नुसता स्ट्रक्चरल, म्हणजे इमारत बघणारा नको, जिओटेक्निकल, म्हणजे जमीन तपासणारा हवा. आपल्याकडे दोन-तीन मीटरचा खड्डा घेऊन "जमीन चांगली आहे" असं लिहून देतात, लिक्विफॅक्शनसाठी तो कागद रद्दी आहे. किमान १५ ते २० मीटर खोल माहिती लागते, कातळ आधी लागला तर तिथपर्यंत. एकतर बोअर घेऊन एसपीटी, म्हणजे ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पडतो आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात, तो एन आकडा. नाहीतर सीपीटी, त्यात टोकदार दांडा सलग दाबत नेतात, पातळ थरसुद्धा सुटत नाहीत. भूकंपाच्या झोन ३, ४, ५ मध्ये आपलं आयएस १८९३ (भूकंपाला टिकेल अशा बांधकामाचं भारतीय मानक, २०१६ ची आवृत्ती) साधारणपणे पाच मीटरपर्यंत १५ आणि दहा मीटरच्या खाली २५ एन मागतं, वाळूत त्यापेक्षा कमी आला तर जमीन सुधारा किंवा खोल पाया घ्या. मुंबई-कोकण त्या आवृत्तीत झोन ३ किंवा ४ मध्येच येतात, हे लक्षात असू द्या.

रिपोर्ट हातात आला की चार गोष्टी शोधा: भूजल किती खोलीवर आणि ते मे महिन्यात मोजलं की ऑगस्टमध्ये (पावसाळ्यातलं धरा), सैल वाळूचे थर कुठून कुठपर्यंत, त्यावरचा घट्ट राहणारा थर किती जाड, आणि जवळ मोकळा काठ आहे का. वरचा घट्ट थर तीनेक मीटर असेल तर हलकं घर बऱ्याचदा वाचतं, मीटरभर असेल तर अवघड आहे.

"आता वाळू निघून गेली, जमीन घट्ट झाली"

हे हमखास ऐकायला मिळेल. खोटं आहे. ख्राइस्टचर्चच्या पूर्व भागात सप्टेंबर २०१०, फेब्रुवारी, जून आणि डिसेंबर २०११, त्याच अंगणांत पुन्हा पुन्हा गाळ आला. उलट जमीन खाली बसल्यामुळे भूजल पायाच्या आणखी जवळ आलं आणि पुराचा धोका वाढला, तिथल्या अर्थक्वेक कमिशनने (भूकंपाचा सरकारी विमा बघणारी संस्था) शेवटी हे दोन्ही, म्हणजे पुन्हा पातळ होण्याचा वाढलेला धोका आणि पुराचा वाढलेला धोका, जमिनीचं नुकसान म्हणून मान्य केलं. तेव्हा आफ्टरशॉक थंडावेपर्यंत पाया उचलायची, खाली रेझिन भरायची घाई करू नका. फरशी सरळ करून देणारे लोक आठवड्यात दारात येतात, त्यांना खालच्या थराचा रिपोर्ट मागा, नसेल तर चहा पाजून रवाना करा.

न्यूझीलंडमध्ये जी आपली मंडळी आता ख्राइस्टचर्चला घर घेतायत त्यांच्यासाठी: तिथली सपाट जमीन टीसी१, टीसी२, टीसी३ अशी वर्गवारी करून नकाशावर टाकलेली आहे, टीसी३ म्हणजे पुढच्या भूकंपात बऱ्यापैकी नुकसान होऊ शकतं आणि पाया स्पेशल डिझाइनचा लागतो. कौन्सिलकडून लिम रिपोर्ट (त्या प्लॉटबद्दल कौन्सिलकडे असलेली माहिती) घ्या, सीपीटीचे निकाल जिओटेक्निकल डेटाबेसमध्ये आहेत, वकील किंवा इंजिनियरला ते काढायला सांगा. आधीच्या मालकाने क्लेमचे पैसे घेऊन दुरुस्ती केली की नुसता कारपेट बदलला हे कागदावर बघा, आणि घर बघायला जाताना लेव्हल ट्यूब नाही तर निदान लेझर लेव्हल घेऊन जा, एजंट तोंड वाकडं करेल, करू द्या.